लाईनीतला कचरा

आमच्या घरात झाडून काढतात त्याला केर म्हणायचे. कचरा हा शब्द राखीव होता. कचरा म्हणजे विजेच्या तारेतून येणारा, डोळ्यांना न दिसणारा, आणि त्याच्यावर हक्क फक्त नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. गावातल्या शनवारा चौकापाशी त्यांचं चार्जर, अडॅप्टर, इन्व्हर्टर दुरुस्त करायचं दुकान होतं. कुणाच्या टीव्हीवर रेघोट्या आल्या, मंदिरातला स्पीकर गुणगुणायला लागला, की नाना मान हलवून म्हणायचे, "लाईनीत कचरा येऊन राह्यला." हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. आज ते कुणी सहज जरी उच्चारलं तरी माझं डोकं फिरतं. का फिरतं, तेच सांगायला बसलेय.

दुकानात खिशात मावेल असा एक रेडिओ होता. त्याच्यावर गाणी ऐकायची सोय नव्हती. कुणी स्टेशन लावलं तर नाना खवळायचे. ते काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे, जिथं काहीच लागत नाही, तिथं ठेवायचे आणि रेडिओ टेबलावरच्या चार्जरांवरून हळूहळू फिरवायचे. चांगल्या चार्जरजवळ तो नुसता सूऽऽ करत राहायचा. वाईटाजवळ नेला की घर्रर्र! "सापडला भामटा," असं म्हणून नाना तो चार्जर बाजूला काढायचे. कुणाच्या घरी लग्नाला किंवा सत्यनारायणाला गेलो तरी हा रेडिओ खिशात असायचाच. यजमान प्रसाद वाटताहेत आणि आमचे वडील त्यांच्या टीव्हीमागं घर्रर्र करत फिरताहेत. आईला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी लहान असताना त्यांनी मला समजावलं होतं ते अजून तसंच्या तसं आठवतं. जुने अडॅप्टर जड असायचे, पोटात लोखंड आणि तांबं असायचं. हे नवे हलके असतात, कारण ते विजेचे तुकडे करतात. चालू-बंद, चालू-बंद, एका सेकंदात हजारो वेळा. त्यामुळं ते लाईनीतून वीज सरळ घेत नाहीत, लचके तोडून घेतात. "माणूस पेल्यानं पाणी पिते ना, तसं नाही. कुत्रं कसं जिभेनं लपलप करते, तसं. आता एकाच पातेल्यात चार जण पाणी पिऊन राह्यले आणि त्यातलं एक कुत्रं आहे, तर पाणी सगळ्यांचंच हलणार की नाही?" मी म्हणाले, हलणार. "बस. तो कचरा."

यावर उपाय अगदी सोपा असतो, हेच नानांचं दुखणं होतं. अडॅप्टरच्या तोंडाशीच एक कॉइल आणि एक-दोन कपॅसिटर बसवले की ही सगळी लपलप आतल्या आत राहते, बाहेर लाईनीला कळतही नाही. पण स्वस्त माल उघडला की आत काय दिसायचं? बोर्डावर कॉइलची जागा पांढऱ्या शाईनं व्यवस्थित छापलेली, तिची भोकंही पाडलेली, आणि कॉइलच्या जागी या भोकापासून त्या भोकापर्यंत एक उघडी तार टाकलेली. नाना ते गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. "बघा! जागा छापली अन् वस्तू गायब! लाज नाही वाटत यांना!" गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "लेकिन चालू तो है ना, नाना?" "चालू आहे. पण साऱ्या गल्लीला त्रास देऊन राह्यला." "हमारा तो चल रहा है." मग नानांचा पारा चढायचा आणि ते त्या माणसाला न विचारता आपल्या खोक्यातली कॉइल तिथं बसवून द्यायचे. आई म्हणायची, "गल्लीचा ठेका घेतलाय का तुम्ही?" घेतलाच होता त्यांनी.

गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर, डॉक्टरसाहेबांचा दवाखाना. ते नानांच्याच वयाचे, सकाळचा चहा दोघांचा एकत्र. मध्यंतरी त्यांच्या ईसीजी मशीनचा मूळचा अडॅप्टर जळाला आणि कुणीतरी बाजारातून दुसरा आणून लावला. तेव्हापासून ज्याची त्याची पट्टी केसाळ यायला लागली. रेघ सरळ हवी तिथं बारीक थरथर. डॉक्टरसाहेब वैतागले, मशीन विकायला निघाले. नाना रेडिओ घेऊन गेले, घर्रर्र झालं, अडॅप्टर उघडला, आणि आत तीच उघडी तार. कॉइल बसवली आणि रेघ कोऱ्या वहीवर आखल्यासारखी आली. डॉक्टरसाहेब खूश. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगायला लागले की अहो, आमच्या नानांनी मशीन वाचवलं. पट्टीत जरा काही वेगळं दिसलं की आधी म्हणायचे, "नानांना बोलवा."

मीसुद्धा फुशारले होते, खोटं कशाला बोलू? मी आमच्याच गावातल्या लालबाग भागातल्या शाळेत गणित शिकवते. स्टाफरूममध्ये दोन दिवस मी हीच गोष्ट सांगत फिरत होते. आता वाटतं, तो एक निकाल चुकला असता तर किती बरं झालं असतं. त्या एका बरोबर उत्तरानं आमचा घात केला.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता नाना जिन्यात थांबायला लागले. गच्चीवर सोलरचं बघायला म्हणून निघायचे आणि अर्ध्यावर कठड्याला धरून उभे. "काही नाही, जरा फडफडून राह्यलं," असं म्हणायचे आणि छातीवर पंजा ठेवायचे. दुकानाचं शटर उचलताना घामाघूम व्हायचे. आई माझ्यामागं लागली. मी शाळेतून हाफ डे घेतला, दुकानात गेले, त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून ठेवला आणि त्यांना दवाखान्याच्या जिन्यावरून अक्षरशः ढकलत वर नेलं.

डॉक्टरसाहेबांनी ईसीजी काढला. पट्टी बाहेर येत होती तशा त्यांच्या भुवया जवळ येत गेल्या. "नाना, हे जरा बघा," असं म्हणून त्यांनी ती पट्टी नानांच्याच हातात दिली. मला आजही कळत नाही, कुठला डॉक्टर पेशंटच्या हातात त्याचीच पट्टी देतो? आणि तीही असल्या पेशंटच्या! नानांनी चष्मा लावला, पट्टी उजेडाकडं धरली, आणि त्यांचा चेहरा खुलला. सांगते ना, चेहरा खुलला. "कचरा!" ते म्हणाले. "केवढा कचरा येऊन राह्यला डॉक्टरसाहेब!"

"पण तुमची कॉइल बसवलेली आहे ना?"

"ती बारकी आहे. तेव्हा खाली ई-रिक्षा कुठं होत्या?"

हे मात्र खरं होतं. दवाखान्याच्या खाली आता ई-रिक्षांची रांग चार्जिंगला लागलेली असायची, एकेक चार्जर विटेएवढा, स्वस्तातला. नानांनी खिशातून रेडिओ काढला, भिंतीतल्या बोर्डाजवळ नेला, आणि तो असा किंचाळला की बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले. कचरा होता. भरपूर होता. ते खोटं बोलत नव्हते आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं, इथंच सगळी गोम आहे.

डॉक्टरसाहेबांनी लाईट बंद केले, पंखा बंद केला, परत पट्टी काढली. थरथर तशीच. "रिक्षा तर चालूच आहेत ना," नाना म्हणाले. मशीनमधली बॅटरी केव्हाच मेली होती, ती कुणी बदलली नव्हती. नाहीतर पिन काढायची, बॅटरीवर पट्टी काढायची, जागच्या जागी निकाल. नाना स्वतःच हळहळले, "बॅटरी असती तर आत्ताच्या आत्ता सिद्ध करून दाखवलं असतं. पिन काढली की कचरा खतम. उरेल ते माणसाचं."

मी ती पट्टी त्यांच्या हातातून घेतली. मला हृदयातलं काही कळत नाही. पण दोन टोकांमधलं अंतर मला कळतं. इथं दोन ठोके जवळजवळ, मग मोठी फट, मग एक, मग परत तीन घाईघाईनं. मी म्हटलं, "नाना, कचऱ्यानं रेघ थरथरेल, ठीक. पण ठोका मागंपुढं कसा होईल? तो तर आतून येतो ना?"

नाना म्हणाले, "श्वासानं होते तसं." आणि डॉक्टरसाहेबांकडं बघितलं. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं. "होतं म्हणा थोडंफार," ते म्हणाले. "तरी जळगावला एकदा दाखवून या. हे खरं असलं ना नाना, तर हृदयात गुठळी होऊ शकते, अन् ती डोक्यात गेली तर लकवा. रक्त पातळ करायची गोळी लागते मग."

"खरं असलं तर ना? अन् नसलं तर उगीच रक्त पातळ करून बसू? काल हाताला पत्रा लागला होता माझ्या." मग त्यांनी तोडगा काढला. ते मोठा फिल्टर बनवणार, म्हणजे तीच कॉइल अन् कपॅसिटर, पण दांडगे. रिक्षाच काय, अख्खी जिनिंग फॅक्टरी खाली आली तरी पुरेल असा. तो मशीनला लावायचा आणि स्वच्छ लाईनीवर पट्टी काढायची. "त्याच्यातही थरथर दिसली, तर तू म्हणशील तिथं येतो, बेटा. जळगाव, इंदूर, कुठंही." डॉक्टरसाहेब लगेच म्हणाले, हे ठीक आहे. मला दिसलं, त्यांना हायसं वाटलं होतं. मैत्रीतल्या पेचातून सुटल्यासारखं. त्या 'ठीक आहे'बद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, दुसऱ्या दवाखान्यात काढू. नाना म्हणाले, "तिथं काय वेगळी लाईन आहे? सगळं गाव एकाच लाईनीवर आहे." मी म्हटलं, जळगावला काढू. "तिथं तर याच्याहून जास्त कचरा." काय बोलायचं या माणसाशी? एकदा ते मटार सोलत बसले होते तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. डॉक्टरांनी पट्टी धरली होती, मनगट धरलं नव्हतं. बोटांखाली नाडी कशीही पळत होती, धड एक लय म्हणून नाही. मी ओरडलेच, "हे बघा! हात तर लाईनीला जोडलेला नाही ना तुमचा?"

"तुझ्या बोटात तुझीच नाडी लागून राह्यली, गणितवाली," ते हसून म्हणाले आणि मटार सोलायला लागले.

आईला इतका वेळ कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मला तुमच्या कचऱ्यातलं काही कळत नाही. माणूस जिना चढत नाही, एवढं दिसून राह्यलं मला." मी जळगावची वेळ घेतली, गाडी ठरवली. गाडी दारात आली आणि नाना दुकानात. दुकानात जाऊन मी चारचौघांत भांडले. गिऱ्हाइकं बघत राहिली. शेवटी मीच म्हटलं, बरं, फिल्टर तर फिल्टर, पण लवकर करा.

"घाईत कॉइल होत नाही," नाना म्हणाले.

मग आमच्या पुढच्या खोलीत ते काम सुरू झालं. बांगडीएवढं एक काळं कडं, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी तांब्याची तार गुंडाळायची. वेढ्याला वेढा चिकटून, दोन्हीकडं अगदी सारखे. एक वेढा जरी कमीजास्त झाला तरी कचरा त्या फटीतून निघून जातो म्हणे. नाना खिडकीपाशी बसून तोंडानं मोजत वेढे घालायचे. मोजता मोजता त्यांना दम लागायचा. दम लागला की आकडा चुकायचा. आकडा चुकला की ते सगळी तार उलगडायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. मी वह्या तपासत समोर बसलेली असायचे आणि ती तार उलगडताना बघून माझं रक्त उकळायचं. "राहू द्या ना एक वेढा इकडचा तिकडं!" मी ओरडायचे. "मशीन काय मोजायला येणार आहे?"

"मग त्याच्यात अन् त्या उघड्या तारेत फरक काय राह्यला?"

एकीकडं परीक्षा आल्या, उन्हं वाढली, आणि फिल्टरचा डबा काही पूर्ण होईना. मला एक संशय यायला लागला. हा माणूस मुद्दाम उलगडतोय. याला माहीत आहे. पट्टी बघितली त्याच क्षणी याला कळलं होतं, आणि हा भीतीपोटी कचऱ्याच्या आड लपून बसलाय. फिल्टर झाला की पट्टी निघेल, आणि पट्टी निघाली की लपायला जागा उरणार नाही. हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला दुसरं काही दिसेना. एका दुपारी त्यांनी परत तार उलगडायला घेतली तेव्हा मी बोलून गेले, "घाबरलात तुम्ही, नाना. भित्रे आहात. कचरा-बिचरा काही नाही, मरायला घाबरताय."

त्यांचे हात थांबले. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसते माझ्याकडं बघत राहिले, कुणी भलत्याच भाषेत बोलावं तसं. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी आईकरवी निरोप दिला की रविवारी डबा तयार होतोय, तिला सांग.

आणि झाला तयार. तो डबा आज दवाखान्यात आहे. डॉक्टरसाहेबांनी नंतर येऊन आईकडं मागितला आणि आईनं देऊन टाकला. पट्टी एकदम स्वच्छ येते म्हणे, खाली कितीही रिक्षा असू देत. मी गल्लीच्या त्या टोकाला जात नाही.

रविवारी सकाळी नानांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. आईनं चहा ठेवला. डबा समोर, झाकणाचे स्क्रू कसायचे चाललेले. मी मुद्दामच जवळ बसले होते, भांडण मिटावं म्हणून. "बघ, कसा झालाय," ते म्हणाले. मी म्हटलं, छान झालाय नाना. खरंच छान झाला होता. त्यांनी शेवटचा स्क्रू घेतला आणि स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. ते उचलायला वाकले, पण हात हलेना. उजवा हात मांडीवर तसाच पडून. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून बघितला, जसा ते बंद पडलेला पार्ट उचलून बघायचे. मग माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले. शब्द नव्हते, नुसता आवाज. ओठ एका बाजूला ओढले गेले होते.

आईच्या हातातला चहा सांडला. "अहो! अहो, असं काय करता!" एवढंच ती म्हणत राहिली. मी डॉक्टरसाहेबांना फोन केला, ते चपला न घालता धावत आले. आणि आल्या आल्या त्यांनी काय धरलं? मनगट. आता धरलं मनगट. बराच वेळ धरून बसले आणि माझ्याकडं त्यांनी मान वर करून बघितलं नाही. "जळगाव," एवढंच म्हणाले. "लगेच."

जळगावच्या वाटेवर रावेरच्या पुढं केळीच्या ट्रकांची रांग लागली होती. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हिंदीत, मराठीत, येतील त्या शिव्या देत होते. त्या ट्रकवाल्यांचा काय दोष? नानांचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि ती त्यांचं तोंड पदरानं पुसत होती.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. हृदय लयीत चालत नव्हतं, वरचे कप्पे नुसते थरथरत होते. तिथं रक्त साचून गुठळी झाली आणि ती डोक्यात गेली. गुठळी मोठी होती. "हे बऱ्याच दिवसांपासून असणार," ते म्हणाले. "कधी पट्टी काढली नव्हती का?" आई म्हणाली, "काढली होती. हे म्हणायचे, लाईनीत कचरा आहे." डॉक्टरांनी विचारलं, "कसला कचरा?" आईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत राहिले.

नाना शुद्धीवर आले तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणं गेलेलं होतं. पण डोळे शाबूत होते, त्यांचेच होते. उशाशी मॉनिटर लावला होता, त्याच्यावर हिरवी रेघ चाललेली. दोन ठोके जवळ, मग फट, मग घाईनं तीन, आणि मधल्या जागेत ती बारीक थरथर. दुपारी आई खाली चहाला गेली होती आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले होते. ते रेघेकडं बघत होते. मग छताच्या लाईटकडं बघितलं, शेजारच्या पलंगाजवळ चार्जिंगला लावलेल्या कुणाच्या तरी मोबाईलकडं बघितलं. ओळखीची नजर होती ती. भामटा शोधायची.

त्यांचा डावा हात चादरीवरून सरकला, पलंगाच्या कडेनं खाली गेला, चाचपडत राहिला. मला वाटलं, पाणी हवंय. तेवढ्यात त्यांच्या हाताला मॉनिटरची वायर लागली. त्यांनी ती बोटांत धरली आणि होती नव्हती ती ताकद लावून ओढली. पिन भिंतीतून निघाली. मॉनिटर टुंई टुंई करून ओरडायला लागला. सिस्टर धावत आली, "ओ बाबा, काय करता! हात लावू नका त्याला!"

मी उठून तिच्या आडवी झाले. "थांबा," मी म्हटलं. "एक मिनिट थांबा, बाई. हात जोडते तुमच्यापुढं."

कारण मला कळलं होतं ते काय करताहेत. मॉनिटरच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण आली होती. याची बॅटरी जिवंत होती. पिन नानांच्या हातात, वायर मोकळी, लाईन नाही, काही नाही. पिन काढली की कचरा खतम, उरेल ते माणसाचं. ते मान तिरकी करून रेघेकडं बघत राहिले, आणि मीही बघत राहिले. एवढी देवाची प्रार्थना मी कधी केली नव्हती. रेघ तशीच थरथरत होती. दोन ठोके जवळ, मग फट, मग घाईनं तीन.

त्यांनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत परत परत जाताना बघितली. मग माझ्याकडं बघितलं. तोवर त्यांना खरंच वाटत होतं की तो कचरा आहे. मी त्यांना भित्रे म्हटलं होतं, आणि या माणसाच्या मनात भीतीचा लवलेश नव्हता, ते आपले मन लावून फिल्टर बनवत होते. भीती आत्ता आली. मी माझ्या वडिलांचे घाबरलेले डोळे त्या दिवशी पहिल्यांदा बघितले, आणि मला ते बघवेनात.

मी त्यांच्या मुठीतली पिन घेतली. त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही नाही नाना. इथंपण लाईनीत कचरा येऊन राह्यला."

नाना माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी उशीवरच मान हलवली. इकडून तिकडं, एकदाच. नाही म्हणून.